सर्व्हिसमधलं मनगट: एका गैरसमजाचा इतिहास

टेनिस शिकवणाऱ्या कुणालाही विचारा, सर्व्हिसला जोर येतो कुठून? बरेच जण सांगतील, "मनगटातून. शेवटी मनगटाचा झटका द्यायचा." पिढ्यान्‌पिढ्या मुलांना हेच सांगितलं गेलं. हे वाक्य अर्धंच खरं आहे, हे आकड्यांत मांडायला मात्र १९९० चं दशक उजाडावं लागलं. एवढा उशीर का झाला, हा माझ्या मते या विषयातला सगळ्यात रंजक प्रश्न आहे. त्याचं उत्तर खेळात कमी आणि कॅमेऱ्यात जास्त सापडतं. पेट पास होऊन सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या मित्रमैत्रिणींनी तर हा भाग नीट वाचावा.

सुरुवात थोडी मागून करू. १८७७ मध्ये पहिली विम्बल्डन स्पर्धा झाली, तेव्हा सर्व्हिस म्हणजे खेळ सुरू करून देण्याची एक औपचारिकता होती. बहुतेक जण चेंडू खालून किंवा फार तर खांद्याच्या उंचीवरून मारत. पुढच्याच वर्षी ए. टी. मायर्स नावाच्या खेळाडूने डोक्यावरून सर्व्हिस केली. पण तिचा खरा फायदा दिसला तो जाळं खाली आल्यावर. सुरुवातीला खांबांपाशी जाळं पाच फूट उंच होतं. १८८० च्या दशकात ते आजच्या मापावर आलं, म्हणजे खांबांपाशी साडेतीन आणि मधोमध तीन फूट. मग रेनशॉ बंधूंसारख्यांना वरून जोरात मारणं परवडायला लागलं. म्हणजे आधी नियम बदलला आणि मग शरीर बदललं.

दुसरा नियम पायाचा. १९५० च्या दशकाच्या शेवटापर्यंत सर्व्हिस करणाऱ्याला चेंडू मारेपर्यंत एक पाय जमिनीला टेकवून ठेवावा लागे. जुन्या फिल्म पाहिल्यात तर खेळाडू झुकून, चालत चालत पुढे गेल्यासारखे दिसतात. तो नियम गेला आणि उडी आली. आजचा खेळाडू गुडघे वाकवतो, जमिनीला रेटा देतो आणि हवेत असताना चेंडू मारतो. किब्लर या अमेरिकन क्रीडावैद्यकतज्ज्ञाच्या १९९५ च्या अंदाजानुसार सर्व्हिसमधली निम्म्याहून थोडी अधिक ऊर्जा पाय, कंबर आणि धड यांतून येते. आसूड आठवा. मूठ हलते, थांबते, आणि तो वेग पुढे सरकत सरकत टोकाला जाऊन फटका वाजतो. शरीराचं तसंच: पाय, कंबर, धड, खांदा, कोपर, हात, रॅकेट. या क्रमाला कायनेटिक चेन म्हणतात.

उंचीचा मुद्दा इथेच उरकतो, कारण त्याला प्रयोगशाळा लागत नाही, खडू आणि टेप पुरते. बेसलाइनपासून जाळं ११.८८५ मीटरवर, जाळ्यापासून सर्व्हिस लाइन ६.४० मीटरवर, आणि मधोमध जाळ्याची उंची ०.९१४ मीटर. चेंडू अगदी सरळ रेषेत जातो असं धरा. गुरुत्वाकर्षण आणि फिरकी क्षणभर विसरा. समरूप त्रिकोण मांडले की कळतं, चेंडू निदान २.६१ मीटर उंचीवर मारला तरच तो जाळ्यावरून जाऊन चौकटीत पडेल. फटक्याची उंची साधारण खेळाडूच्या उंचीच्या दीडपट असते. म्हणजे १.७४ मीटर उंचीच्या माणसाला सरळ रेषेत चुकायला जागाच नाही. त्याला गुरुत्वाकर्षणावर आणि फिरकीवर विसंबावं लागतं. आता पुण्याच्या बालेवाडीत जानेवारी २०१९ मध्ये झालेली टाटा ओपन महाराष्ट्रची अंतिम लढत घ्या. केविन अँडरसन विरुद्ध इव्हो कार्लोविच. २०३ सेंटिमीटर विरुद्ध २११ सेंटिमीटर. तिन्ही सेट टायब्रेकवर गेले आणि अँडरसन जिंकला. कार्लोविच तेव्हा ३९ वर्षांचा होता! वरचंच गणित त्याला लावा: फटका साधारण ३.१६ मीटरवरून, आणि सरळ रेषेतसुद्धा चेंडू पडायला दीड मीटरहून अधिक खोलीची जागा. काही जण याला नुसतं नशीब म्हणतात. पण इतक्या उंच शरीराची साखळी वेळेत जुळवणं ही काही सोपी गोष्ट नाही.

आता मनगट. धावत्या घोड्यांचे फोटो काढणाऱ्या मायब्रिजने १८८७ च्या 'ॲनिमल लोकोमोशन' या संग्रहात टेनिस खेळणारी माणसंही टिपली. तिथून पुढे खेळाचा अभ्यास म्हणजे फिल्म, असं समीकरण बसलं. बहुतेक अभ्यासकांनी एकच कॅमेरा वापरला, तोही बाजूने लावलेला. बाजूने पाहिलं की गुडघा वाकलेला दिसतो, कोपर सरळ होताना दिसतं, फटक्याच्या आसपास हात आणि रॅकेट यांच्यातला कोन बदललेला दिसतो. बघणारा साहजिकच म्हणतो, मनगट वळलं.

पण एक हालचाल या चित्रात नीट येतच नाही: दंडाचं स्वतःच्याच अक्षाभोवती आत फिरणं, म्हणजे इंटर्नल रोटेशन, आणि त्याच्या जोडीला पुढच्या हाताचं फिरणं, म्हणजे प्रोनेशन. घरातली ताक घुसळायची रवी डोळ्यांपुढे आणा. लांबून पाहिलं तर दांडा फिरतोय की थांबलाय, पटकन सांगता येत नाही. पण त्याच दांड्याला एक काडी आडवी बांधली तर काडीचं टोक गरगर फिरेल. सर्व्हिसमध्ये रवी म्हणजे हात आणि काडी म्हणजे रॅकेट. हात आणि रॅकेट पूर्ण एका रेषेत नसतात, म्हणूनच हाताच्या फिरण्यातून रॅकेटच्या डोक्याला वेग मिळतो.

याचा उलगडा आधी आपल्या शेजारच्या खेळात झाला. १९७० च्या दशकात कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात गोविट्झके आणि वॅडेल यांनी बॅडमिंटनच्या जोरकस फटक्यांच्या फिल्म तपासल्या आणि 'मनगटाचा झटका' ही कल्पनाच तपासायला घेतली. त्यांना दिसलं ते मुख्यतः हाताचं आणि दंडाचं फिरणं. इथे एक विषयांतर करतो. सांगलीचे नंदू नाटेकर आधी टेनिस खेळत आणि मग बॅडमिंटनकडे वळले. १९५६ मध्ये परदेशातली स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. त्यांचे चिरंजीव गौरव टेनिसमध्येच राहिले आणि १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत लिअँडर पेसबरोबर दुहेरीचं सुवर्ण जिंकले. एकाच घरात हे दोन्ही खेळ नांदले. डोक्यावरच्या फटक्याची मुळातली यंत्रणा दोन्हीकडे बरीच सारखी आहे, हे शास्त्राच्या भाषेत मांडायला मात्र त्रिमिती मोजमाप यावं लागलं.

ते मोजमाप १९९४-९५ मध्ये आलं. स्प्रिगिंग्ज, मार्शल, एलियट आणि सहकाऱ्यांनी एकाहून जास्त कॅमेरे वापरून हाताच्या प्रत्येक भागाचं फिरणं वेगळं काढायची पद्धत बसवली. मग एलियट यांच्या गटाने ती चांगल्या खेळाडूंच्या सर्व्हिसवर वापरली. चेंडू मारतानाच्या रॅकेटच्या पुढच्या दिशेच्या वेगात दंडाच्या आत फिरण्याचा वाटा सुमारे ५४ टक्के निघाला, तर मनगटातून हात वळण्याचा सुमारे ३१ टक्के. नीट बघा, मनगट शून्यावर आलेलं नाही. 'मनगट ही निव्वळ भाकडकथा' असं लिहिणारे दुसऱ्या टोकाला जातात. सिडनी ऑलिंपिकमध्ये फ्लायसिग आणि सहकाऱ्यांनी मोजलं, तेव्हा पुरुषांच्या दंडाच्या या फिरण्याचा सर्वाधिक वेग सरासरी २४२० अंश प्रति सेकंद भरला. साध्या २५ फ्रेमच्या व्हिडिओत दोन चित्रांमध्ये त्या वेगाने जवळपास ९७ अंश निघून जातात. काटकोनाएवढी हालचाल दोन फ्रेमच्या फटीत गडप! मग ती दिसणार कशी?

यात नुसता आकड्यांचा वाद नाही. मुलाला "मनगट मार" सांगितलं की ते मूठ आवळतं आणि सगळं लक्ष मनगटावर जातं. खरं काम खांदा करत असतो, आणि फटक्यानंतर एवढ्या वेगाने फिरणारा हात थांबवायचं कामही खांद्याच्या मागच्या स्नायूंकडेच असतं. वर्षानुवर्षं सर्व्हिस करणाऱ्यांच्या रॅकेटच्या बाजूच्या खांद्याचं आत फिरणं दुसऱ्या खांद्यापेक्षा कमी झालेलं आढळतं, हे अनेक अभ्यासांत नोंदलंय. ज्या सांध्याकडे प्रशिक्षकाचं लक्षच नाही, त्याचा व्यायाम आणि विश्रांती कोण ठरवणार?

आता आपला प्रश्न. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात राहून बायोमेकॅनिक्सवर पीएचडी करायची म्हटलं की पहिली अडचण साधनांची. मोशन कॅप्चर नाही, फोर्स प्लेट नाही, हातात एक मोबाईल. २४० फ्रेमचं स्लो मोशन मिळालं तर ९७ अंशांची ती फट दहा अंशांवर येते, म्हणजे बरीच सुधारणा. पण कॅमेरा एकच असेल तर रवीची अडचण तशीच राहते, कारण फ्रेम वाढवून दिशा वाढत नाही. म्हणून 'सर्व्हिसमधील प्रोनेशनचे विश्लेषण' असं शीर्षक घेऊन एका मोबाईलवर आरआरसीपुढे जाऊ नका. पहिलाच प्रश्न पद्धतीवर येईल आणि तो रास्तच असेल. गुडघा किती वाकतो, फटका किती उंचीवर होतो, चेंडू उडवल्यापासून मारेपर्यंत किती वेळ जातो, हे प्रश्न एका कॅमेऱ्याला झेपतात. कॅमेरा हालचालीच्या प्रतलाला काटकोनात आणि शक्य तितका लांब ठेवा, आणि माप ठरवायला चौकटीत ओळखीच्या लांबीची काठी उभी करा.

आणि खरं सांगू? आपल्याकडे टेनिसचाच हट्ट कशाला? प्रथमेश जावकर बुलढाण्याचा. मे २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषकात त्याने अंतिम फेरीत नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला १४९-१४८ असं हरवलं, आणि त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत कंपाउंड प्रकारात सांघिक सुवर्णही जिंकलं. पन्नास मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ आठ सेंटिमीटरचं, आणि पंधरा बाणांत फक्त एक गुण गेला. सर्व्हिसमध्ये शरीर वेग साठवत जातं, तर धनुर्धर तो शक्य तितका शून्यावर आणतो. खांद्यांची रेषा, मागच्या कोपराची उंची, बाण सुटण्याआधीच्या एक-दोन सेकंदांतली डगमग, हे सगळं बरंचसं एकाच प्रतलात आणि संथ घडतं. म्हणजे एका कॅमेऱ्याच्या आवाक्यातलं. एक कॅमेरा धनुर्धराच्या समोरून आणि दुसरा मोबाईल मिळाला तर पाठीमागून, लक्ष्याच्या रेषेत. एवढ्यावर चांगला पायलट अभ्यास उभा राहतो, आणि त्यासाठी मुंबई-पुण्याच्या प्रयोगशाळेची वेळ मागत बसावं लागत नाही.