भाताचे मद्य आणि मोहाची दारू

जपानात जाणारा प्रवासी संध्याकाळी हमखास ‘इझाकाया’च्या दारात जाऊन उभा राहतो. बाहेर लाल कागदी कंदील, आत लाकडी बाकडी. बसल्याबरोबर न मागता एक लहानशी बशी पुढे येते. तिचे पैसे बिलात धरलेले असतात, म्हणून नवखा माणूस गोंधळतो. आणखी एक रीत अशी की, आपला पेला आपण भरावयाचा नाही. शेजाऱ्याचा आपण भरावा आणि आपला त्याने. इझाकाया या शब्दाचा अर्थ सरळ आहे: बसून पिण्याचे मद्याचे दुकान. एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, घरदार मागे टाकून आलेले सुतार, हमाल, कारागीर पुष्कळ होते. मद्य विकणाऱ्या दुकानदारांनी त्यांना तेथेच पिण्याची मुभा दिली आणि त्यातून ही संस्था वाढली.

आता आपल्याकडचे शब्द पाहा. ‘गुत्ता’ म्हणजे मूळचा मक्ता; सरकारकडून ज्याने मक्ता घेतला त्याचे दुकान तो गुत्ता. ‘परमिट रूम’ म्हणजे परवान्याची खोली. जपानी माणसाने मद्यालयाला बसण्यावरून नाव दिले. आम्ही दिले ते सरकारी कागदावरून. हा फरक कशामुळे पडला, हे शोधू लागले की दारूचा इतिहास हा पिणाऱ्यांपेक्षा वसुली करणाऱ्यांचा इतिहास आहे, असे दिसू लागते.

परंतु जपानी सरकार काही साधुसंत होते असे कोणी समजू नये. तेथील भाताचे मद्य आपण ‘साके’ म्हणून ओळखतो. वाफवलेल्या तांदळावर ‘कोजी’ नावाची बुरशी चढवतात. ती पिठाची साखर करते आणि त्याच पिंपात किण्व त्या साखरेचे मद्य करीत असते. ही विद्या केवळ मोठ्या कारखानदारांची नव्हती. खेड्यातला शेतकरीही घरच्या तांदळाचे ‘डोबुरोकु’ नावाचे गढूळ, पांढरे मद्य करीत असे. सणासुदीला देवापुढे ठेवी आणि मग आपण घेई. १८९४-९५ मध्ये चीनशी युद्ध झाले, पुढे रशियाशी व्हावयाचे होते. तोफांना पैसा हवा होता. १८९९ साली सरकारने घरगुती मद्य करण्यास साफ बंदी केली. त्या सुमारास राष्ट्राच्या करांच्या उत्पन्नातील सुमारे एक तृतीयांश वाटा एकट्या मद्यकराचा होता. शेतकऱ्याचे पिंप फोडले ते त्याने शुद्धीवर यावे म्हणून नव्हे. त्याने कर भरलेली बाटली विकत घ्यावी म्हणून!

हे ऐकताना आपल्या बागलाणच्या पश्चिमेकडच्या डोंगराची आठवण झाल्यावाचून राहत नाही. तेथे भात मोलाचा, पण मोह फुकटचा. चैत्रात पहाटे मोहाखाली फुलांचा सडा पडतो, बायका-मुले ती टोपल्यांत वेचतात. ती फुले दुष्काळात अन्न, बियांचे तेल, आणि उरलेल्या फुलांची दारू. मुंबई सरकारने १८७८ साली अबकारी कायदा केला, गावोगावच्या भट्ट्या बंद करून दारू पाडण्याचा आणि विकण्याचा हक्क मक्तेदारांच्या हाती एकवटला. एवढ्याने भागेना, तेव्हा १८९२ च्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहफुलांच्या साठ्यावरच निर्बंध घातले. झाड अंगणात, फूल अंगणात, पण ते घरात ठेवणे हा गुन्हा! ‘हातभट्टी’ हा साधा कामाचा शब्द. तो शिवीसारखा झाला तो असा.

आदिवासींनी याला दिलेले उत्तर मात्र विलक्षण होते. १९२२ च्या सुमारास पालघरच्या किनाऱ्याकडून डोंगरातून देवीची लाट उठली आणि दक्षिण गुजरातपर्यंत पसरली. अंगात येणाऱ्यांच्या मुखातून देवीने सांगितले: दारू-ताडी सोडा, स्वच्छ राहा, गुत्तेवाल्याकडे कामाला जाऊ नका. बंदी त्यांनी स्वतःवर आपण होऊन घातली आणि मक्तेदाराचा गल्ला रिकामा केला. वरून लादलेली बंदी आणि खालून उठलेली बंदी यांत किती अंतर असते, ते येथे दिसते. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा वरून आला. तोच कायदा आज महाराष्ट्राच्या नावाने चालू आहे, त्याच्याखालीच परवाने निघतात आणि सरकारला महसूलही मिळतो. दारूबंदीच्या कायद्याने दारूचे दुकान चालावे, हा चमत्कार आपल्याच राज्यात पाहावा!

आम्ही दारूचे वकील नव्हे. कामगारांत वावरताना पगाराच्या दिवशी दारात उभ्या राहिलेल्या बायका आम्ही पाहिल्या आहेत, आणि गावात मतदान घेऊन बाटली आडवी करणाऱ्या बायकाही आम्हाला ठाऊक आहेत. त्यांची बाजू तीच आमची बाजू. जपानातही सगळे गोड नाही: साहेबाबरोबर रात्री पिणे हा तेथील नोकरीचाच बिनपगारी भाग होऊन बसला, हे कामगार चळवळीच्या माणसाला दुरूनही कळते.

आमचे म्हणणे न्यायाचे आहे. तोशिहिको माएदा नावाच्या कार्यकर्त्याने घरी उघडपणे डोबुरोकु करून कायद्याला आव्हान दिले. १९८९ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने करवसुलीचे कारण ग्राह्य धरून बंदी कायम ठेवली. पण २००३ पासून तोनोसारख्या ग्रामीण भागांत खास परवानगीने शेतकरी पुन्हा ते करू लागले, आणि २०२४ मध्ये साके करण्याची परंपरागत विद्या युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून नोंदवली. इकडे २००१ च्या धोरणाने आपल्या जिल्ह्यातील द्राक्षांच्या वाईनला करात सवलती मिळाल्या. बागलाणच्या द्राक्षमळ्यांचे त्यात हितच आहे. पण मोहफुले वेचण्या-साठविण्यावरील निर्बंध उठायला २०२१ साल उजाडले, आणि त्या फुलांची दारू घरी पाडणे आजही गुन्हाच आहे. द्राक्षाला धोरण आणि मोहाला पोलीस, असे का?

तेव्हा कोणताही पेला पुढे आला, मग तो टोकियोत असो की सटाण्यात, तीन प्रश्न विचारावेत: हा केला कोणी, याचे पैसे गेले कोणाकडे, आणि याची किंमत कोणाच्या चुलीने मोजली? या प्रश्नांची उत्तरे प्रामाणिकपणे देता आली, तर पेला घ्यावा की पालथा घालावा, हे सांगायला सरकारची गरज पडणार नाही.