मुरघास : लोणच्याच्या घरातला शब्द

नगर–सोलापूर रस्त्यावरचं मिरजगाव कर्जत तालुक्यात, पर्जन्यछायेच्या आणि ज्वारीच्या मुलखात येतं. इथल्या गोठ्याचा जुना भरवसा कडब्याच्या गंजीवर. पण २०१३ आणि २०१९ च्या दुष्काळांत गंजी संपल्या आणि जिल्ह्यात चारा छावण्या उघडाव्या लागल्या. शिवाय संकरित गाय नुसत्या कडब्यावर दूध टिकवत नाही. त्यामुळे या पट्ट्यात प्लास्टिकच्या कागदाखाली दाबून मुरवलेला हिरवा चारा, म्हणजे मुरघास, आता गंजीइतकाच गरजेचा झाला आहे.

शब्द दोन तुकड्यांचा आहे. 'मुर' हा मुरण्यातला. लोणचं मुरतं, पाणी जमिनीत मुरतं. (मुरांबाही त्याच घरचा वाटतो, पण तो अरबी 'मुरब्बा'वरून आला.) 'घास' म्हणजे संस्कृतात गुरांचं खाद्य. नगरकडे मात्र घास म्हटलं की लसूणघासच डोळ्यांपुढे येतो, आणि घोटाळा इथेच होतो. लसूणघासात प्रथिनं भरपूर, साखर कमी. तो एकटाच ओला खड्ड्यात घातला तर मुरण्याऐवजी सडायचा धोका. मुरघासाला खरा मानवतो तो मका.

मुरघासाचं इंग्रजी नाव 'सायलेज' आलं 'सायलो'वरून, तो स्पॅनिशमधून, आणि त्याच्यामागे धान्याच्या खड्ड्याचा ग्रीक शब्द 'सिरोस' असावा असं मानतात. म्हणजे आपलं पेवच! सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं प्रसिद्ध होती. फरक एवढाच, की पेवात माल कोरडा राहावा म्हणून जपायचं आणि मुरघासात ओल राखायची. फ्रान्सच्या ओग्युस्त गोफार यांनी हिरवा मका असा साठवण्यावर १८७७ मध्ये पुस्तक लिहिलं, तिथून ही रीत पसरली. पुढे फिनलंडच्या आर्तुरी व्हिर्तानेन यांना चारा टिकवण्याच्या पद्धतीसह शेतीच्या रसायनशास्त्रातल्या कामासाठी १९४५ चं नोबेल मिळालं.

'मुरणं' म्हणजे इथे नेमकं काय? हवा तुटली की जिवाणू मक्यातल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात. दह्याला आंबटपणा देणारं आम्ल तेच. सामू ४ च्या आसपास उतरला की कुजवणारे जिवाणू थांबतात. म्हणून कणसात चीक भरला की मका कापायचा, दोन-तीन सेंटिमीटरची कुट्टी करायची आणि थर देत ट्रॅक्टरने दाबायचा. ओल जोखायला यंत्र लागत नाही. कुट्टी मुठीत घट्ट आवळा. पाणी गळालं तर ओल जास्त, मूठ उघडताच गोळा विस्कटला तर कमी. गोळा हळूहळू सुटला पाहिजे. चांगल्या मुरघासाला आंबूस-गोड वास येतो. बुरशी धरलेला भाग गायीपुढे टाकूच नये.

पशुपालकांसाठी पत्रकं काढणाऱ्यांनी 'सायलेज' सोडून 'मुरघास'च लिहावं, असं मला मनापासून वाटतं. लोणचं घालणाऱ्या घरात 'मुरू द्या' म्हटलं की झाकण का उघडायचं नाही, हे निम्मं सांगून झालेलं असतं. फक्त पहिल्याच ओळीत सांगा, की हा घास मक्याचा. आणि खड्डा भरणाऱ्यांनी झाकल्या दिवशीच कागदावर तारीख लिहावी. पंचेचाळीस दिवस होईपर्यंत तो उघडू नये.