दुसऱ्याच्या घरी एक वर्ष

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला वर्षभरासाठी परदेशातील सर्वस्वी अनोळखी कुटुंबात ठेवायचे, तेथील शाळेत शिकू द्यायचे आणि वर्ष संपताच परत आणायचे, ही विद्यार्थी-विनिमयाची कल्पना आता नवी राहिलेली नाही. तिचा एक महत्त्वाचा उगम मात्र शिक्षणतज्ज्ञांच्या समितीत नसून रणांगणावरील रुग्णवाहिकांत आहे.

१९१४ साली पहिले महायुद्ध पेटले तेव्हा अमेरिका त्यात उतरलेली नव्हती. तरीही काही अमेरिकन तरुण फ्रान्समध्ये स्वखुशीने जखमी सैनिक वाहून नेऊ लागले. १९१५ मध्ये ए. पियाट अँड्र्यू यांनी या कामाला ‘अमेरिकन फील्ड सर्व्हिस’ असे संघटित रूप दिले. हे गृहस्थ हार्वर्डमध्ये अर्थशास्त्र शिकवीत आणि पुढे अमेरिकेच्या अर्थखात्यात सहायक सचिव होते. म्हणजे आपल्याच व्यवसायातले! दुसऱ्या महायुद्धात याच संघटनेचे चालक उत्तर आफ्रिका, इटली आणि भारत-ब्रह्मदेश आघाडीवरही होते. युद्ध संपले तेव्हा सूत्रे स्टीफन गॅलाटी यांच्या हाती होती. ज्यांनी दोनदा जखमी उचलले, त्यांना तिसऱ्यांदा ती वेळ येऊ नये असे वाटणे स्वाभाविक होते. १९४७ साली दहा देशांतील बावन्न विद्यार्थी या संघटनेमार्फत अमेरिकेत शिकावयास आले.

या व्यवस्थेचा कणा म्हणजे यजमान कुटुंब. अमेरिकेच्या सरकारी नियमांनुसार अशा कुटुंबाला मोबदला देता येत नाही. मराठी वाचकाला येथे वार लावून जेवण्याची जुनी पद्धत आठवेल. एखादा गरीब विद्यार्थी सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी जेवून शिक्षण पुरे करी; त्याचे बिल कोणी मांडत नसे. फरक इतकाच की वारकरी मुलगा जेवून आपल्या खोलीवर परते, हा विद्यार्थी मात्र घरातलाच एक होऊन राहतो. भांडी घासण्याची पाळी त्यालाही येते आणि बोलणीही खावी लागतात.

शासन या क्षेत्रात हळूहळू आले. १९६१ च्या फुलब्राइट-हेज कायद्याने अशा देवाणघेवाणीला व्यापक कायदेशीर आधार दिला. सोव्हिएत संघ कोसळल्यावर सिनेटर बिल ब्रॅडली यांच्या पुढाकाराने १९९२ मध्ये ‘फ्लेक्स’ या कार्यक्रमाची तरतूद झाली आणि पूर्वीच्या सोव्हिएत प्रजासत्ताकांतील मुले सरकारी शिष्यवृत्तीवर अमेरिकन घरांत राहू लागली. न्यूयॉर्कवरील २००१ च्या हल्ल्यानंतर, २००२ मध्ये, लक्षणीय मुस्लिम लोकसंख्या असलेल्या देशांसाठी ‘येस’ कार्यक्रम निघाला. पुढे त्यातून भारतीय विद्यार्थीही गेले.

विस्तार झाला की देखरेख सैल पडते, हा अनुभव आपल्याकडे कोणत्याही वसतिगृह योजनेत येतो. येथेही तेच झाले. काही मुलांच्या छळाच्या तक्रारी पुढे आल्यावर २००६ पासून यजमान घरातील प्रौढांची गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासणे बंधनकारक झाले. तरीही २००९ साली पेनसिल्व्हेनियातील स्क्रॅन्टन येथे काही परदेशी विद्यार्थी राहण्यास अयोग्य अशा घरांत ठेवलेले आढळले. कागदावर कुटुंब होते. घर कोणी नीट पाहिले नव्हते. त्यानंतर २०१० मध्ये नियम अधिक कडक झाले. आता निवड करणाऱ्या संस्थेला यजमानाच्या स्वयंपाकघराची, स्नानगृहाची आणि मुलाच्या झोपण्याच्या खोलीची छायाचित्रे घ्यावी लागतात. स्थानिक प्रतिनिधीने दरमहा मुलाशी संपर्क साधलाच पाहिजे.

स्वयंपाकघराचे छायाचित्र मागणारा नियम प्रथमदर्शनी हास्यास्पद वाटेल. पण पंधरा वर्षांच्या मुलीला परक्या भाषेत ‘मला येथे पुरेसे जेवायला मिळत नाही’ हे सांगणे किती जड जाईल, याचा विचार केला म्हणजे त्या नियमामागील माणूस दिसतो. तक्रारीची वाट पाहणारे प्रशासन मुलांच्या बाबतीत नेहमीच उशिरा पोहोचते.

दुसरा धोका मात्र कोणत्याही तपासणीने टळत नाही. फ्लेक्समधून आलेल्या एका रशियन मुलाने परतण्याऐवजी अमेरिकेतच राहण्याचा मार्ग धरला. हे कारण पुढे करून ऑक्टोबर २०१४ मध्ये रशियाने कार्यक्रमातून अंग काढून घेतले. त्याच वर्षी क्रिमियावरून दोन्ही देशांचे संबंध बिघडलेले होते, हेही विसरून चालणार नाही. दोन दशकांहून अधिक काळ चाललेली व्यवस्था एका निर्णयाने थांबली आणि पुढच्या तुकड्यांची वाट पाहणाऱ्या मुलांचे त्यात काहीच विचारले गेले नाही.

अशा प्रसंगी दोन्ही राज्यांनी मूल कोणाचे, याचा हिशेब मांडला. विनिमयाच्या मुळाशी असलेली कल्पना नेमकी उलट आहे: मूल एका वर्षापुरते दोन घरांचे असते. ते परतते तेव्हा त्याची मूळची भाषा किंचित अडखळते, आईच्या हातची आमटी त्याला प्रथमच ‘वेगळी’ वाटते आणि आपल्या घराकडे ते पाहुण्याच्या नजरेने पाहू शकते. गाव सोडून दूर राहिलेल्या आपल्यासारख्या वाचकांना ही अवस्था समजावून सांगण्याची गरज नाही.

छायाचित्रे, दाखले आणि मासिक अहवाल हवेतच. त्यांच्याशिवाय दुर्बळाचे रक्षण होत नाही. पण नियम दार सुरक्षित आहे की नाही एवढेच पाहू शकतो. ते उघडायचे की नाही, हे आतल्या माणसांनीच ठरवायचे असते.