थंडी, काच आणि कोळसा : एंजल ट्रम्पेटला जगवण्याचा इतिहास

उटी, कोडाईकनाल किंवा दार्जिलिंगला गेला असाल तर हे झाड तुम्ही बहुधा पाहिलेले आहे. माणसाहून उंच झुडूप आणि त्याला खाली तोंड करून लटकलेली वीतभर लांब, कर्ण्यासारखी फुले. पांढरी, फिकट पिवळी, कधी गुलाबी. संध्याकाळ झाली की दरवळ सुटतो. बागवान त्याला एंजल ट्रम्पेट म्हणतात, वनस्पतिशास्त्रात नाव ब्रुगमान्सिया. आपल्याकडच्या माणसाला ते पाहून धोतरा आठवतो, आणि ते बरोबरच आहे. दोघे एकाच कुळातले भाऊबंद. धोतऱ्याचे फूल वर पाहते, याचे खाली. धोतरा लहानखुरा, हे झाड लाकूड धरते. विष मात्र दोघांच्या अंगात सारखेच, पानापासून बीपर्यंत. हाताळल्यावर हात धुवा आणि चव घेण्याच्या फंदात पडू नका.

या टिपणात एकच प्रश्न घेऊ. जिथे हिवाळ्यात पाणी गोठते, तिथे हे झाड माणसांनी जगवले कसे आणि फुलवले कसे? मी अभियांत्रिकी महाविद्यालयात उष्णता-संक्रमण शिकवतो, वनस्पतिशास्त्र नव्हे. पण काचगृहाची गणिते सोडवून घेताना एक गोष्ट जाणवत गेली. झाड गोठू न देणे आणि झाडाला उकाडा देणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि युरोपात बराच काळ ती एकच समजली गेली. त्याची किंमत झाडांनी मोजली.

नाव आपले, गाव तिकडचे

धोतऱ्यासाठीचा संस्कृत शब्द धत्तूर. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने 1563 मध्ये गोव्यातच छापलेल्या आपल्या औषधी वनस्पतींवरील ग्रंथात धोतऱ्यावर एक प्रकरण घातले आहे. पुढे लिनियसने हाच देशी शब्द उचलून 'दातुरा' हे प्रजातीचे नाव रूढ केले. तिकडे लुई फ्युए नावाचा फ्रेंच धर्मोपदेशक दक्षिण अमेरिकेचा प्रवास करून आला आणि 1714 मध्ये त्याने तिथल्या एका झाडाचे वर्णन छापले. स्थानिक नाव त्याने दिले आहे, फ्लोरिपोंदियो. या वर्णनाच्या आधारे लिनियसने 1753 मध्ये त्याला 'दातुरा आर्बोरिया', म्हणजे झाडासारखा धोतरा, असे नाव दिले. 1805 मध्ये पेर्सून याने त्याची वेगळी प्रजाती केली आणि लायडनचे प्राध्यापक ब्रुगमान्स यांचे नाव तिला दिले. त्यानंतरही दीड शतक वाद चालू राहिला. तो बऱ्याच अंशी मिटला तो 1973 मधल्या टॉमी लॉकवुड यांच्या प्रबंधाने. म्हणजे पेरूचे झाड बराच काळ एका भारतीय नावाखाली वावरत होते.

आता गाव. नकाशात पेरू, इक्वाडोर, कोलंबिया विषुववृत्ताजवळ दिसतात, म्हणून ते उष्ण, असे आपण धरून चालतो. पण लाल फुलांची ब्रुगमान्सिया सांग्विनिया अँडीज पर्वतात साधारण 2000 ते 3000 मीटर उंचीवर वाढते. तिथे वर्षभर गारवा असतो. दिवस फार तापत नाही आणि रात्र थंड असते. उलट सुवासिक सुआव्हेओलेन्स ही ब्राझीलच्या आग्नेय किनाऱ्याकडच्या पावसाळी जंगलांतली. तिला ऊब चालते. एकाच प्रजातीत ही दोन माहेरे आहेत, हे लक्षात ठेवा. पुढची सगळी गोची इथूनच सुरू होते.

जाड भिंतीपासून बॉयलरपर्यंत

युरोपात कोवळ्या झाडांचा पहिला निवारा संत्र्यांसाठी झाला. व्हर्सायची प्रसिद्ध ऑरेंजरी 1684 ते 1686 या काळात बांधली गेली. दक्षिणेकडे उंच खिडक्या, बाकी बाजूंना जाडजूड भिंती, आणि आत शेगडी नाही. दिवसा खिडकीतून आलेली ऊब भिंती साठवतात आणि रात्री हळूहळू परत देतात. झाडे लाकडी पेट्यांत. थंडी आली की आत, उन्हाळा आला की बाहेर. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत शहाणी इमारत. तिने संत्र्याला फक्त गोठण्यापासून वाचवले, त्याहून जास्त काही करायला ती गेली नाही.

पण वनस्पतींची आवक वाढली तशी हाव वाढली. लंडनच्या चेल्सी फिजिक गार्डनमध्ये जमिनीखालच्या शेगडीने तापवलेले वनस्पतिगृह पाहून जॉन एव्हलिन थक्क झाला होता. 1685 च्या रोजनिशीत त्याने तशी नोंद केली आहे. पुढे भिंतीतून धुराची नळी फिरवू लागले. नळीला चीर गेली की धूर आत यायचा, आणि हवा भाजल्यासारखी कोरडी व्हायची. एकोणिसाव्या शतकात वाफेचे आणि मग गरम पाण्याचे नळ आले. 1816 मध्ये लाउडनने वाकवता येणारी घडीव लोखंडाची पट्टी पुढे आणली, 1845 मध्ये ब्रिटनने काचेवरचा कर उठवला, आणि 1848 मध्ये क्यू उद्यानाचे पामगृह पूर्ण झाले. अभियंते खूश होते. झाडांना मात्र कोणी विचारले नव्हते.

थोडे गणित करू. 100 चौरस मीटर एकेरी काच घ्या. तिच्यातून दर चौरस मीटरला, दर अंश फरकामागे, सुमारे 5.8 वॅट उष्णता बाहेर जाते. बाहेर उणे 5 अंश सेल्सिअस आणि आत 7 अंश, म्हणजे फरक 12. गुणाकार करा: सुमारे 7 किलोवॅट. आता आत 25 अंश हवेत असे ठरवा. फरक 30, आणि गळती 17.4 किलोवॅट. हिवाळ्यातली 14 तासांची रात्र, किलोला 25 मेगाज्यूल देणारा कोळसा आणि निम्मी उष्णता चिमणीतून वाया असे धरले, तर पहिल्या घराला रात्री सुमारे 28 किलो कोळसा लागतो, दुसऱ्याला 70 किलो. फटींतून येणारा वारा मी धरलेलाच नाही.

खर्च वाढतो हे एक. झाडाचे नुकसान होते हे दुसरे, आणि ते जास्त महत्त्वाचे. लंडनला डिसेंबरात दिवस जेमतेम आठ तासांचा, तोही ढगाळ. प्रकाश नाही म्हणजे अन्ननिर्मिती नाही. पण झाडाचा श्वासोच्छ्वास तापमानाबरोबर वाढतो. ढोबळमानाने दर 10 अंशांना तो दुपटीच्या आसपास जातो. उबदार अंधारात ठेवलेले झाड साठवलेले अन्न जाळत बसते आणि पांढरट, लुळे कोंब काढते. वसंत येईपर्यंत ते दमलेले असते. थंड अंधारात तेच झाड पाने गाळून स्वस्थ झोपते.

ही चूक सर्वांत ठळक दिसली ती ऑर्किडांच्या बाबतीत. उष्ण कटिबंधातून आली म्हणून उंच डोंगरावरची ऑर्किडेही कोंदट, तापलेल्या काचगृहांत कोंबली गेली आणि हजारोंनी मेली. इंग्लंड हे ऑर्किडांचे स्मशान आहे, असे तेव्हा बोलले जाई. वास्तविक हम्बोल्टने 1807 मध्येच अँडीजचा काटछेद छापून दाखवले होते की उंचीप्रमाणे वनस्पती बदलतात. ते चित्र दिवाणखान्यांत पोचले, काचगृहात पोचायला वेळ लागला. 1860 च्या दशकात जेम्स बेटमनने थंड ऑर्किडगृहाचा हिरिरीने पुरस्कार केला, तेव्हा कुठे वारे फिरले.

चॅट्सवर्थची भट्टी

इथे एका माणसाची वेगळी दखल घेतो, कारण त्याचे आपल्याकडे येणे-जाणे होते. डेव्हनशरच्या ड्यूकने जॉन गिब्सन नावाच्या तरुण माळ्याला 1835 मध्ये कोलकात्याकडे धाडले. तो खासी टेकड्यांत फिरला आणि 1837 मध्ये ऑर्किडांसह परतला. त्याच काळात ड्यूकचा मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन चॅट्सवर्थला 'ग्रेट स्टोव्ह' बांधत होता: सुमारे 84 मीटर लांब, 37 मीटर रुंद, खाली आठ बॉयलर, आणि कोळसा आणायला जमिनीखालून रूळ. याच माणसाने पुढे 1851 च्या प्रदर्शनासाठी क्रिस्टल पॅलेस उभारला. ग्रेट स्टोव्हचे काय झाले? पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना, माळी रणांगणावर गेले, आणि आतली झाडे थंडीने मेली. 1920 मध्ये ती इमारत सुरुंग लावून पाडली.

गिब्सनने मात्र दुसरी वाट धरली. 1860 च्या दशकात लंडनच्या बॅटर्सी पार्कमध्ये त्याने मोठ्या पानांची उष्ण देशांतली झाडे उन्हाळ्यापुरती उघड्यावर मांडली आणि थंडीत आत नेली. ऑरेंजरीचीच रीत, सार्वजनिक बागेत. आज युरोपात एंजल ट्रम्पेट अशाच रीतीने जगते. उन्हाळ्यात बाहेर, भरपूर पाणी आणि खत. पहिल्या हिमापूर्वी छाटून आत, 5 ते 10 अंशांत, मुळे सुकणार नाहीत इतकेच पाणी.

छाटणी कुठे करायची, यातच फुलांचे मर्म आहे. रोप आधी सरळसोट वाढते आणि एका उंचीवर त्याला बेचकी फुटते, इंग्रजी वाय अक्षरासारखी. फुले येतात ती या बेचकीच्या वर. माळ्याने सोय म्हणून बेचकीखाली छाटले, तर झाड मरत नाही, पण पुन्हा लहान मुलासारखे सरळ वाढू लागते. नवी बेचकी फुटेपर्यंत उन्हाळा संपतो आणि पुन्हा थंडी येते. म्हणून बेचकीच्या वर दोनचार डोळे राखून छाटायचे. वरच्या फांदीचे कलम लवकर फुलते, खालच्या भागाचे उशिरा. आणि पहाडी सांग्विनियाला उन्हाळ्याच्या गरम रात्री सोसत नाहीत; गारवा आला की ती फुलते. फूल येत नाही म्हणून तिला अधिक ऊब देणारा माळी आगीत तेल ओततो.

निलगिरीत

आपल्या देशात हाच धडा सिंकोनाने दिला, कारण क्विनाइन देणारे हे झाडही अँडीजचेच. 1860 मध्ये क्लेमेंट्स मार्कमने पेरूतून काचेच्या बंद पेट्यांत रोपे आणली. तांबड्या समुद्राच्या उकाड्यातून प्रवास झाला आणि ती रोपे टिकली नाहीत. इक्वाडोरहून स्प्रूस आणि क्रॉस यांनी मिळवलेली रोपे 1861 मध्ये उटीला पोचली आणि तिथल्या उद्यानाचे प्रमुख मॅकआयव्हर यांनी ती वाढवली. निलगिरी निवडला तो उंचीसाठी. अँडीजच्या झाडाला तिथे काच लागत नाही, बॉयलर लागत नाही. डिसेंबर-जानेवारीत उटीच्या खोलगट भागात दहिवर गोठते, तेव्हा एंजल ट्रम्पेटचे शेंडे करपतात; पण मुळे शाबूत असली की बुडातून पुन्हा फुटवा येतो.

आता या झाडाची सध्याची स्थिती. ब्रुगमान्सियाच्या सातही जाती आज निसर्गातून नामशेष म्हणून नोंदलेल्या आहेत. फळे पडून जागीच कुजतात, बी दूर नेणारा प्राणी दिसत नाही. तो बहुधा फार पूर्वीच नष्ट झालेला एखादा मोठा सस्तन प्राणी असावा, असा तर्क आहे. झाड उरले ते माणसाने फांदी तोडून दुसरीकडे खोचली म्हणून. कोलंबियाच्या सिबुंदोय खोऱ्यात कामेन्त्सा आणि इंगा लोकांच्या परसात याचे कितीतरी प्रकार आहेत, प्रत्येकाला वेगळे नाव. त्यातल्या एकाची पाने इतकी अरुंद आणि फूल इतके चिरलेले, की रिचर्ड शुल्टेस यांनी 1955 मध्ये त्याला स्वतंत्र प्रजाती म्हणून नाव दिले. नंतर ध्यानात आले की ती ब्रुगमान्सियाच आहे: परसातला एक विचित्र वाण, तिथल्या लोकांनी फांदीमागून फांदी लावत जपलेला.