फायबरच्या नावेत राखेची भर, कसोटी पाण्याची

वाराणसी : येथे गंगेची धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर आहे. १९७८ च्या महापुरात नदी ७३.९०१ मीटरपर्यंत चढली होती. पावसाळ्यात घाटांच्या पायऱ्या बुडतात, उन्हाळ्यात पलीकडे वाळूचे पट्टे उघडे पडतात. अशा पात्रात लाकडाऐवजी फायबरची नाव उतरवायची, तर तिच्या भिंतीत काय मिसळले आहे हा नावाड्याच्या उपजीविकेचा प्रश्न ठरतो.

फायबरची नाव म्हणजे रेझीनमध्ये बसवलेले काचतंतूंचे थर. रेझीन वाचावे म्हणून त्यात फिलर, अर्थात स्वस्त भुकटी, मिसळली जाते. वाराणसीच्या परिसरात तिला तोटा नाही. शेजारचा चंदौली जिल्हा भाताचे आगर असल्याने तूस मुबलक; दक्षिणेकडे सोनभद्रमध्ये औष्णिक वीज केंद्रांची राख. कोळशावरील केंद्रांनी राखेचा शंभर टक्के वापर करावा, असे बंधन केंद्र सरकारच्या ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने घातले आहे.

मात्र तूस आणि राख यांना एकच माप लावता येत नाही. तुसाच्या किंवा लाकडाच्या भुकटीतील सेल्युलोज पाणी ओढून फुगते आणि वाळताना आकसते. या ओढाताणीत कण व रेझीन यांच्यात फट पडते. पुढचे पाणी त्याच वाटेने काचतंतूंपर्यंत पोहोचते. कोळशाच्या राखेत मुख्यतः सिलिका व अ‍ॅल्युमिना असल्याने तो धोका कमी. तूस जाळून उरणारी राखही सिलिकायुक्तच, पण सच्छिद्र. राखेचा खरा दोष अतिरेकात आहे: प्रमाण वाढले की रेझीन दाट होते, तंतू नीट भिजत नाहीत, हवेचे बुडबुडे अडकतात. कणांवर सिलेनची प्रक्रिया केल्यास पकड सुधारते, पण खर्चही वाढतो. मग स्वस्ताई उरते किती, हे तपासावे लागते.

नमुना पाण्यात बुडवून वाढलेले वजन मोजणे, ही रूढ चाचणी. ती अपुरी आहे. वजन फारसे न वाढताही थरांमधील पकड सैल झालेली असू शकते; म्हणून भिजल्यानंतरची वाकण सोसण्याची क्षमता व थरांची पकड यांचे आकडे खरेदीदाराने मागावेत. प्रयोगशाळेतील टाकीत ऊन नसते, वाळूचे घर्षण नसते. शिवाय कोळशाच्या राखेत आर्सेनिकसारखी द्रव्ये अल्प प्रमाणात असतात. ती पाझरतात का, हेही पाहायला हवे.

तोवर अशा मिश्रणाचा वापर बैठकी आणि वरच्या फळ्यांपुरता ठेवून, पाण्याखालचा बाहेरचा थर फिलरविना घडवणे अधिक सुरक्षित.