हवेचे माप, रक्ताचे माप

लहानपणी सायकलच्या दुकानात पंक्चर काढून होईपर्यंत मी सोल्युशनचा वास घेत रेंगाळत असे. रबर विरघळवणाऱ्या द्रावकाचा तो वास. पुढे औद्योगिक आरोग्याचा इतिहास वाचू लागलो आणि अशाच एका द्रावकापाशी येऊन थांबलो. त्याचे नाव बेंझीन.

मायकेल फॅरडेने १८२५ मध्ये ते वेगळे केले. पुढे डांबरातून ते स्वस्तात मिळू लागले आणि रबर, रंग, चिकटद्रव्ये अशा अनेक धंद्यांत शिरले. १८९७ मध्ये सांतेसन या स्वीडिश संशोधकाने उप्साला येथील सायकल टायर कारखान्यातल्या चार तरुण कामगार स्त्रियांच्या मृत्यूची नोंद प्रसिद्ध केली. बेंझीन अस्थिमज्जेवर घाला घालते, हे त्यातून दिसू लागले. हवेत ते किती होते, हे मात्र कोणी मोजलेले नव्हते. मोजली गेली ती माणसे.

या इतिहासात हाच क्रम मला पुन्हा पुन्हा दिसतो. १९४६ मध्ये अमेरिकेतील औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या परिषदेने हवेच्या दहा लाख भागांत बेंझीनचे १०० भाग चालतील, असे ठरवले. दोनच वर्षांनी तिथल्या पेट्रोलियम उद्योगाच्या संस्थेने काढलेल्या आढाव्यात, पूर्ण सुरक्षित प्रमाण शून्यच, अशी कबुली आली; शिफारस मात्र ५० भागांची झाली.

तुर्कस्तानात मुझफ्फर अक्सॉय या रक्तरोगतज्ज्ञाने इस्तंबूलच्या चपला-बूट बनवणाऱ्या कारागिरांकडे पाहिले. कोंदट खोल्यांत ते बेंझीनयुक्त चिकटद्रव्य वापरत. अंदाजे २८,५०० कारागिरांत तीव्र रक्तकर्करोगाचे किंवा त्याच्या पूर्वावस्थेचे २६ रुग्ण त्याने १९७४ मध्ये नोंदवले. तीन वर्षांनी अमेरिकेतील ओहायोत, रबरापासून पातळ वेष्टन बनवणाऱ्या कामगारांत या कर्करोगाचे प्रमाण अपेक्षेच्या किमान पाचपट आढळले.

मग १९७८ मध्ये तिथल्या सरकारने मर्यादा १० भागांवरून १ वर आणली. उद्योग न्यायालयात गेला. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नियम रद्द केला. लक्षणीय धोका असल्याचे आधी दाखवा, असा त्याचा रोख होता. हा पुरावा कुठून येणार होता? कामगारांच्या आजारपणातूनच. तोच १ चा नियम अखेर १९८७ मध्ये आला.

आता कॉलरला कोळशाची छोटी नळी आणि कमरेला पंप लावतात. पाळीभर कामगाराच्या नाकाजवळची हवा नळीतून ओढली जाते आणि कोळशात अडकलेले बेंझीन प्रयोगशाळेत मोजतात. लघवीतूनही शरीरात गेलेल्या बेंझीनचा माग काढता येतो. रक्तातल्या पेशी कमी होईपर्यंत थांबण्याचे कारण उरलेले नाही.

भारताने १९९१ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा बेंझीनविषयक करार स्वीकारला. करार १९७१ चा. त्यातली कमाल मर्यादा २५ भागांची. पर्यायी द्रावक असेल तर बेंझीन वापरू नका, हेही त्यात आहे. मला तेच कलम मोलाचे वाटते. वास सुखद वाटला म्हणून हवा निर्धोक ठरत नाही, हे मी त्या दुकानात शिकलो नव्हतो. कागदावरचा आकडाही एकट्याने तिला निर्धोक करत नाही. एखाद्या कारखान्यात मर्यादा पाळली जाते असे कोणी सांगितले, की मी एवढेच विचारतो : मोजले कधी, आणि कोणाच्या कॉलरला नळी लावून?