गतिरोधक हवा की नको? गृहसंकुलांतील वादाची मापे आणि नियम

धाड (ता. बुलढाणा) : रस्त्यावर अपघात झाला की दुसऱ्या दिवशी पहिली मागणी गतिरोधकाची होते. मराठवाड्याच्या हद्दीलगत वसलेल्या धाडसारख्या बाजारपेठेच्या गावात ही मागणी ग्रामपंचायतीकडे किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाकडे जाते. नोकरीनिमित्त पुणे, नाशिक किंवा छत्रपती संभाजीनगर येथे फ्लॅट घेऊन राहणाऱ्या कुटुंबांपुढे हाच प्रश्न निराळ्या रूपात उभा राहतो. तेथे रस्ता संकुलाच्या आवारातला असतो, वाहन शेजाऱ्याचे असते आणि रस्त्यावर खेळणारी मुलेही शेजाऱ्याचीच असतात. त्यामुळे निवेदन देऊन मोकळे होता येत नाही. निर्णय रहिवाशांनाच घ्यावा लागतो आणि तेथेच वादाला तोंड फुटते.

दोन्ही बाजूंचे म्हणणे

गतिरोधकाची मागणी करणाऱ्यांत लहान मुलांचे पालक आणि सायंकाळी फेरफटका मारणारे ज्येष्ठ नागरिक प्रामुख्याने असतात. भरधाव दुचाकी, घाईत असलेले डिलिव्हरी कर्मचारी आणि तळघरातील पार्किंगमधून एकदम वर येणाऱ्या मोटारी ही त्यांची तक्रार असते. विरोध करणाऱ्यांतही ज्येष्ठ नागरिक असतातच. कंबरेचे किंवा मणक्याचे दुखणे असलेले, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले रहिवासी, गरोदर महिला यांना प्रत्येक धक्का सोसावा लागतो. तळमजल्यावर राहणाऱ्यांना रात्री-अपरात्री ब्रेकचा आणि आदळण्याचा आवाज ऐकावा लागतो. दोन्ही बाजूंची काळजी खरी असल्याने एका बाजूला हट्टी ठरवून हा वाद मिटत नाही.

वेगाचा हिशेब

मागणीमागील तर्क साध्या गणिताने समजतो. चालकाला ब्रेक दाबेपर्यंत १ सेकंद लागतो असे धरल्यास, कोरड्या डांबरी रस्त्यावर ताशी २० किलोमीटर वेगाची मोटार सुमारे ८ मीटर अंतरात थांबते. वेग ताशी ४० किलोमीटर असेल, तर हेच अंतर सुमारे २० मीटर होते. म्हणजे वेग दुप्पट झाला की थांबण्याचे अंतर अडीच पट होते. दोन इमारतींमधील वळणावर समोरचे २० मीटर दिसतही नाहीत. सरासरी वेग १ टक्क्याने वाढला, तर प्राणघातक अपघाताचा धोका सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. वेग कमी केला पाहिजे, याविषयी म्हणूनच दुमत नसावे. तो कशाने कमी करावा, एवढाच प्रश्न उरतो.

उंचवट्याची जन्मकथा

वेग रोखण्यासाठी रस्त्यावर शास्त्रीय पद्धतीने उंचवटा घडवण्याचा एक जुना प्रयोग नोबेल पारितोषिक विजेते भौतिकशास्त्रज्ञ आर्थर कॉम्प्टन यांच्या नावावर आहे. अमेरिकेतील सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाचे कुलपती असताना, १९५३ साली, आवारातील वाहनांच्या वेगाला कंटाळून त्यांनी असे उंचवटे तयार केले. हा प्रश्नही कुंपणाच्या आतल्या रस्त्याचाच होता, हे लक्षात घेण्याजोगे आहे. पुढे ब्रिटनच्या वाहतूक व रस्ते संशोधन प्रयोगशाळेत निरनिराळ्या आकारांच्या चाचण्या झाल्या आणि १९७३ साली जी. आर. वॉट्स यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. सुमारे ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असा गोलाकार उंचवटा त्यातून पुढे आला.

भारतात इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ साली ‘आयआरसी : ९९’ ही मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांतील माप जवळपास तेच आहे : १७ मीटर त्रिज्येचा गोलाकार, ३.७ मीटर रुंदी आणि १० सेंटिमीटर उंची. ताशी २५ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या वाहनाला तो त्रास न देता ओलांडता यावा, हा त्यामागील हेतू होता. निवासी भागांतील निवडक रस्ते, शाळा, महाविद्यालये आणि रुग्णालयांचा परिसर अशी ठिकाणे त्यात सुचवली होती. लागोपाठच्या दोन गतिरोधकांत १०० ते १२० मीटर अंतर, काळे-पांढरे पट्टे आणि ४० मीटर आधी सूचनाफलक, हेही त्यात नमूद होते. २०१८ साली ही तत्त्वे सुधारण्यात आली आणि वेग शांत करण्याच्या इतर उपायांनाही त्यात स्थान मिळाले.

चुकतो तो आकार

संकुलांत प्रत्यक्षात बसवले जातात ते बहुधा रबराचे किंवा प्लास्टिकचे तयार पट्टे. त्यांची रुंदी साधारण ३५ सेंटिमीटर आणि उंची ५ सेंटिमीटर असते. उंची निम्मी म्हणून तो सौम्य, असा समज होतो. प्रत्यक्षात ३.७ मीटरच्या उंचवट्यावर वाहन हळूहळू चढते आणि उतरते. अरुंद पट्ट्यावर चाक थेट आदळते. रुंद उंचवट्यावर वेग वाढवला की धक्काही वाढतो, त्यामुळे चालक आपोआप सावकाश जातो. अरुंद पट्ट्यावर उलटेही घडू शकते. भरधाव मोटारीचा धक्का बराचसा स्प्रिंग आणि टायर शोषून घेतात आणि सावकाश जाणाऱ्याला तो अधिक जाणवतो. ज्याला रोखायचे तो निसटतो आणि जो नियम पाळतो त्याची कंबर दुखते. पाणी वाहून जाण्यासाठी कडेला सोडलेल्या फटीतून दुचाकीस्वार वेगात निघून जातात आणि नेमक्या त्याच कडेने पादचारी चालत असतात.

रंग उडालेला, रात्री न दिसणारा गतिरोधक तर अपघाताचे कारण ठरतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०१५ साली देशात गतिरोधकांशी संबंधित ११ हजारांवर अपघात झाले आणि ३ हजारांहून अधिक जणांचा त्यांत मृत्यू झाला. राष्ट्रीय महामार्गांवरील गतिरोधक काढून टाकण्याचे आदेश मंत्रालयाने २०१६ साली दिले होते.

रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलाचा मुद्दाही महत्त्वाचा आहे. अमेरिकेतील पोर्टलंड शहराने १९९६ साली केलेल्या अभ्यासात, अग्निशमन दलाच्या वाहनाला एका उंचवट्यामागे १ ते सुमारे ९ सेकंदांचा विलंब होतो, असे आढळले. प्रवेशद्वारापासून शेवटच्या इमारतीपर्यंत सहा गतिरोधक असतील, तर हा विलंब पाऊण मिनिटाहून अधिक होऊ शकतो.

रस्ता कोणाचा, निर्णय कोणाचा?

प्रथम रस्त्याची मालकी तपासणे आवश्यक आहे. वसाहतीतील रस्ता नगरपालिकेकडे किंवा ग्रामपंचायतीकडे हस्तांतरित झालेला असल्यास तो सार्वजनिक ठरतो आणि त्यावर परस्पर गतिरोधक बांधण्याचा अधिकार रहिवाशांना राहत नाही. तेथे संबंधित संस्थेकडेच अर्ज करावा लागतो.

रस्ता संकुलाचा असल्यास पुढची पायरी संस्थेच्या प्रकारावर अवलंबून असते. सहकारी गृहनिर्माण संस्थेला महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० लागू होतो. २०१९ साली त्यात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण समाविष्ट करण्यात आले. येथे एका सदस्याला एक मत असते. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते आणि आदर्श उपविधींनुसार तिची सूचना पूर्ण १४ दिवस आधी द्यावी लागते. अपार्टमेंट मालकी अधिनियम, १९७० खालील ‘कॉन्डोमिनियम’मध्ये मात्र मताचे वजन घोषणापत्रात नोंदलेल्या अविभाज्य हिश्श्याच्या टक्केवारीवर ठरते. मोठ्या फ्लॅटच्या मालकाचे मत तेथे अधिक भरते. त्यामुळे हात वर करून घेतलेला कौल सोसायटीत चालतो; कॉन्डोमिनियममध्ये तो आव्हानास पात्र ठरू शकतो.

सहकारी संस्थेच्या कारभाराविषयीचा वाद कलम ९१ अन्वये सहकार न्यायालयात नेता येतो. परंतु तेथे जाणारा वेळ आणि खर्च पाहता, गतिरोधकाच्या किमतीपेक्षा भांडणच महाग पडते.

‘आमच्या आवारात वाहतुकीचे कायदे लागू नाहीत’ हा समजही धोक्याचा आहे. मोटार वाहन कायद्यातील ‘सार्वजनिक ठिकाण’ या संज्ञेत, जेथे लोकांना मुक्त किंवा नियंत्रित प्रवेश आहे, अशी खासगी जागाही येते, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने अपघात भरपाईच्या एका प्रकरणात दिला आहे. फाटकावर नोंद करून पाहुणे, दूधवाले आणि डिलिव्हरी कर्मचारी आत येतात, तेथे चालकाची जबाबदारी फाटकाबाहेर संपत नाही.

अन्य मार्ग

प्रत्येक वेळी उंचवटाच हवा असे नाही. आंधळ्या वळणावर बहिर्वक्र आरसा, तळघराच्या तोंडाशी दिवा, कुंड्या मांडून अरुंद केलेला रस्ता, मुलांच्या खेळण्याच्या वेळेत एक मार्ग वाहनांसाठी बंद, पदपथाच्या पातळीइतका उचललेला पादचारी पट्टा, हे उपाय बहुतेक संकुलांत करता येतात. ज्या रस्त्यावर वेग घेण्याइतके सरळ अंतरच नाही, तेथे गतिरोधकाची गरज क्वचितच असते.

ठराव मांडण्यापूर्वी

- धोक्याची ठिकाणे नकाशावर नोंदवावीत. सरसकट सर्व रस्त्यांवर मागणी करू नये.
- रुंदी, उंची, जागा आणि खर्च ठरावातच लिहावा.
- रुग्णवाहिकेचा मुख्य मार्ग शक्यतो मोकळा ठेवावा.
- खिडकीसमोर गतिरोधक येणार असलेल्या रहिवाशांचे म्हणणे आधी ऐकावे.
- तीन महिन्यांचा प्रायोगिक काळ ठेवून पुन्हा आढावा घ्यावा.
- दर पावसाळ्यानंतर रंगकाम, सुटलेले खिळे आणि साचणारे पाणी तपासावे.

प्रायोगिक काळाची अट अनेक वाद शमवू शकते. विरोधकांना निर्णय कायमचा नाही याचा दिलासा मिळतो आणि मागणी करणाऱ्यांना उपाय खरोखर लागू पडतो का, हे दाखवून द्यावे लागते. खेळणारे मूल आणि रुग्णवाहिकेतील आजोबा या दोघांनाही त्याच रस्त्याने सुखरूप जायचे आहे. रातोरात ओतलेल्या काँक्रीटच्या ढिगाऱ्याने यांपैकी कोणाचेच भले होत नाही. त्यासाठी सभेत एक मोजपट्टी आणि थोडा संयम घेऊन बसावे लागते.